गुलाबी साडी: जळगावहून देवरीपर्यंत

फेब्रुवारी 2024. ना चित्रपट, ना मोठा नायक. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ थेट यूट्यूबवर आलं. शब्द, चाल आणि गळा या जळगाव जिल्ह्यातल्या तरुणाचा, तर संगीत जी-स्पार्कचं. ठेका संगणकावर बांधलेला, मामला मात्र अस्सल घरगुती: नटूनथटून फोटोसाठी हट्ट धरणारी प्रेयसी. एवढ्याशा हट्टावर अख्खं गाणं उभं राहतं, हीच त्याची खरी कमाल! पुढे रील्सनी ते देशभर नेलं. नागपूर-रायपूर महामार्गावरच्या, छत्तीसगडला खेटून असलेल्या देवरीसारख्या गावात हिंदी-छत्तीसगढी गाण्यांच्या गर्दीत वरातीत मराठी प्रेमगीताची फर्माईश व्हावी, याचं मोल मोठं आहे. एप्रिल 2025मध्ये याच जोडीचं ‘शेकी’ आलं आणि तेही गाजलं.