कुत्रा मेला, कॅन्सर उरला!

कॉलेजच्या गेटवरची लाडकी कुत्री. कॅन्टीनमधल्या अर्ध्या वडापाववर तिचा हक्कच. एक दिवस तिच्या शेपटीखाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालसर गाठ दिसते, रक्त ठिबकतं आणि कालपर्यंत तिच्यासोबत सेल्फी काढणारे आपण 'हाड!' म्हणून मोकळे होतो.

जरा थांबा. ही गाठ बहुतेक वेळा 'टीव्हीटी'ची असते. हा कॅन्सर कुत्र्यांमध्ये समागमातून, कधी चाटण्या-हुंगण्यातून पसरतो. पण इथे व्हायरस वगैरे काही नसतो. कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते आणि तिथे वाढायला लागते!

हे कळलं कसं? पहिला सुगावा गुणसूत्रांनी दिला. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या गाठीतल्या पेशीत मात्र साधारण 57 ते 64. बरीचशी एकमेकांना चिकटलेली. गंमत म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या गाठींमध्येही हाच घोळ सापडला. मग 2006 मध्ये डीएनए तपासणीने शिक्कामोर्तब केलं. गाठीचा डीएनए आजारी कुत्र्याशी जुळत नव्हता, पण गाठींचा आपापसात जुळत होता. 2019 मध्ये 546 गाठींच्या अभ्यासातून अंदाज आला, की 4 ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात हा कॅन्सर सुरू झाला. तो कुत्रा कधीच गेला, त्याची पेशी अजून फिरतेय.

मग इलाज? आहे ना! आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन. पेशीची विभागणी होताना गुणसूत्रांना दोन्ही बाजूंना ओढणारे बारीक धागे असतात. हे औषध ते धागेच तयार होऊ देत नाही. विभागणी अडते, पेशी मरते. व्हेटकडून आठवड्याला एक, अशी काही इंजेक्शनं झाली की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. सदाफुलीचा पाला खाऊ घालायचा प्रयोग मात्र नको. तो विषारी असतो.

आणि हो, माणसाला हा कॅन्सर होत नाही. तेव्हा पुढच्या वेळी दगड उचलू नका. ग्रुपवर मेसेज टाका, वर्गणी काढा, तिला व्हेटकडे न्या. कोर्स अर्धवट सोडू नका आणि बरी झाली की नसबंदीही करून घ्या. साखळी तिथेच तुटेल.