ग्राहक महापालिका, पण यंत्र हाताळणार कोण?

‘स्मार्ट उत्पादन बनवताना ग्राहकाला सोबत घ्या’, असे अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हल्ली सारखे सांगितले जाते. पूर्वी वस्तू विकली की कारखान्याचा तिच्याशी संबंध संपायचा. आता वस्तूत सेन्सर असतो, ती इंटरनेटला जोडलेली असते. ती कुठे, किती वेळ चालली, कोणता भाग बिघडला ही माहिती कारखान्याकडे परत जाते आणि पुढची वस्तू त्यानुसार सुधारली जाते. पण यात ‘ग्राहक’ म्हणायचे कोणाला?

सफाई कामगारांचेच उदाहरण घेऊ. केरळातील जेनरोबोटिक्स या तरुण अभियंत्यांच्या कंपनीने बनवलेला ‘बँडिकूट’ (म्हणजे आपली घूस) हा रोबो 2018 मध्ये तिरुवनंतपुरमला मॅनहोल सफाईसाठी आला. यंत्राचा एक भाग आत उतरतो, कॅमेऱ्याने दाखवतो आणि हाताने गाळ उपसतो. माणूस वर उभा राहून पडद्यावर पाहत ते चालवतो. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारांनाच ते चालवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. ही गोष्ट आम्हाला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते.

आता दुसरी वस्तू पाहा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. काम काय, तर हजेरी आणि ठिकाण वर कळवणे. चंदीगडमध्ये अशाच घड्याळांना कामगारांनी विरोध केला. घड्याळही स्मार्टच आहे, पण ते मुकादम आणि साहेबांची गरज ओळखून बनले. घालणाऱ्याला विचारले असते, तर त्याने कदाचित विषारी वायूचा इशारा देणारे यंत्र मागितले असते.

दोन्हीकडे पैसे देणारी सरकारी यंत्रणा आणि वापरणारा कामगार. निविदेत मात्र पहिल्याचेच मत येते. सेन्सरची माहितीही इथे अपुरी पडते. यंत्र महिनाभर बंद होते, एवढे ती सांगेल. गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून ठेकेदाराने पुन्हा माणूसच उतरवला, हे ती सांगणार नाही. ते कामगारच सांगू शकतो.

हे जमू शकते. 1980च्या दशकात स्कॅन्डिनेव्हियात छपाई कामगारांच्या संघटना संशोधकांबरोबर बसल्या. संगणक हाती नसताना पुठ्ठ्याची आणि लाकडाची खोटी यंत्रे मांडून त्यांनी पान लावण्याची नवी साधने ठरवली. त्या प्रकल्पाचे नाव ‘युटोपिया’. आपल्याकडे 1942 मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद उभी केली. यंत्राला त्यांचा विरोध नव्हताच; यंत्र नाकारणाऱ्या गांधीवादी विचारावर त्यांनी कठोर टीका केली आहे.

2013च्या कायद्यानंतरही गटारात माणसे मरत आहेत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. त्याच वर्षी केंद्राची यांत्रिक सफाईसाठीची ‘नमस्ते’ योजना आली. म्हणजे यापुढे यंत्रांची खरेदी होत राहणार. आपल्या शहरात अशी निविदा निघाली की माहिती अधिकारात तिची प्रत मागा. त्यात तीन गोष्टी शोधा: खरेदीआधी कामगारांच्या हाती चाचणी होणार का, पडदा मराठीत असेल का, आणि यंत्रातून जमा होणारी माहिती कामगार संघटनेला पाहता येईल का.