मोबाइलवरील ब्राउझरांची कुळकथा

मोबाइलवर ब्राउझर कोणता घ्यावा, असा प्रश्न जेव्हा कुणी करतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा वेगाचीच गोष्ट असते. आणि उत्तर देणाराही, आपण स्वतः जो वापरतो तोच सर्वांत चपळ, असे बेलाशक सांगून मोकळा होतो. वस्तुतः आजच्या मध्यम किमतीच्या फोनवर एखादे पान उघडण्यास क्रोमला लागणारा वेळ आणि फायरफॉक्सला लागणारा वेळ यांतील अंतर वाचणाऱ्याला जाणवावे असे क्वचितच असते, आणि जेव्हा ते जाणवते तेव्हा त्याचा दोष ब्राउझरपेक्षा त्या पानावर लादलेल्या जाहिरातींच्या ओझ्याकडेच अधिक जातो. सबब वेगाची शर्यत येथे लावण्याचा माझा विचार नाही. ब्राउझरची चौकशी करावयाची ती त्याच्या कुळाची, त्याचा खर्च कोण सोसतो याची, आणि आपण काय वाचले याचे टिपण तो कुणाच्या दप्तरी नेऊन ठेवतो याची. मराठी वाचकाने तिच्यात आपली अक्षरे तो कशी मांडतो, या एका कलमाची भर घालण्यास हरकत नाही.

प्ले स्टोअरवर ब्राउझर धुंडाळू लागले म्हणजे नावांची जी रांग समोर उभी राहते, तीवरून या क्षेत्रात मोठी चढाओढ चालली आहे असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु रंग, चिन्ह, टॅब मांडण्याची तऱ्हा आणि पत्त्याची पट्टी वर की खाली एवढा साज उतरवला, की आत जे इंजिन उरते, म्हणजे संकेतस्थळाकडून आलेली सांकेतिक संहिता वाचून तिचे दृश्य पान घडवणारा जो गाभा, तो बहुतेक सर्वत्र तीनच घराण्यांपैकी एकाचा निघतो. आणि या तिघांपैकी दोन तर एकाच पूर्वजाची संतती आहेत. लिनक्ससाठी केडीई नावाची मुक्त प्रणाली रचणाऱ्या स्वयंसेवकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस केएचटीएमएल हे एक आटोपशीर इंजिन तयार केले होते. ॲपलने ते उचलून २००३ साली आपल्या सफारीत बसवले आणि त्याच्या सुधारलेल्या रूपाला वेबकिट हे नाव दिले. गूगलने २००८ साली क्रोम काढला तो याच वेबकिटच्या आधारावर, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये रीतसर वाटणी करून आपल्या हिश्शाचे नाव ब्लिंक ठेवले. आज अँड्रॉइडवर सॅमसंग इंटरनेट, मायक्रोसॉफ्टचा एज, ब्रेव्ह, विवाल्डी आणि ऑपेरा ही सारी मंडळी ब्लिंकच्याच पंक्तीला बसलेली आहेत. तिसरे घराणे गेकोचे. नेटस्केपने १९९८ साली आपली संहिता जगाला खुली केली, त्या उद्योगातून ते पुढे आले, आणि मोझिलाचा फायरफॉक्स ते आजही एकाकीपणे चालवीत आहे.

या कुळकथेतील एक मौजेचा पुरावा कोणत्याही फोनवर तपासता येतो. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाच्या दारात गेला, की आपली ओळख सांगणारी एक ओळ रुजू करतो. आणि क्रोमच्या त्या ओळीत तो स्वतःला एकाच दमात मोझिला, वेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम आणि सफारी असे सर्व काही म्हणवून घेतो. एखाद्या साक्षीदाराने न्यायालयात अशी जबानी दिली असती, तर न्यायाधीशांनी त्याला तत्काळ पिंजऱ्यातून खाली उतरवले असते. याचे कारण असे, की १९९५ च्या आसपास पुष्कळ संकेतस्थळे आपले सजवलेले पान नेटस्केपलाच, म्हणजे त्या वेळी मोझिला हे नाव सांगणाऱ्यालाच, देत असत; तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने दारात मोझिला हेच नाव सांगण्यास आरंभ केला, आणि पुढे आलेल्या प्रत्येकाने आधीच्या सर्वांची नावे आपल्यामागे लावून घेतली. हे सोंग निरुपद्रवी असले, तरी त्यामागची प्रवृत्ती निरुपद्रवी नाही. संकेतस्थळ रचणारे एकाच ब्राउझरवर ते चालवून पाहतात आणि इतरांची पर्वा करीत नाहीत, हा अनुभव इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीच्या काळात जगाने घेतला; आज क्रोमच्या बाबतीत तोच पुन्हा येत आहे, आणि फायरफॉक्सवर एखादा अर्ज शेवटच्या बटणापाशी अडून बसतो तो पुष्कळदा यामुळेच.

आयफोनची कथा निराळी आणि, माझ्या मते, अधिक उद्बोधक आहे. ॲपलच्या ॲप स्टोअरचा नियमच असा, की पाने दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपने वेबकिटच वापरले पाहिजे. त्यामुळे आयफोनवर क्रोम, फायरफॉक्स किंवा एज घेणारा मनुष्य प्रत्यक्षात सफारीच निराळ्या पोशाखात घेत असतो. दुवा आपोआप दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावा एवढी मुभासुद्धा २०२० च्या आयओएस १४ पर्यंत नव्हती. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायदा करून ही सक्ती मोडली, आणि २०२४ च्या मार्चपासून तेथील आयफोनांपुरती परक्या इंजिनांना परवानगी मिळाली. ती भारतातील आयफोनांना लागू नाही. तेव्हा नाशिकच्या किंवा मडगावच्या आयफोनधारकाने ब्राउझरांची तुलना करावयाची ती खुणेची पाने आणि संकेतशब्द आपल्या संगणकाशी जुळवून घेण्याची सोय कोणाकडे बरी, एवढ्यापुरतीच. तीही फारशी गरज नसेल, तर सफारीच ठेवावा. आयओएस ९ पासूनच त्याला जाहिरात अडवणारी विस्तारकेही जोडता येतात.

भारतातील मोबाइल वाचनाचा खरा इतिहास मात्र या श्रीमंती फोनांवर घडलेला नाही. तो घडला बटणांच्या छोट्या फोनांवर, टूजीच्या मंद प्रवाहात, जेव्हा डेटाचा आकार केबीच्या हिशेबाने लावला जाई आणि एक छायाचित्र उघडले तरी शिल्लक तपासावी लागे. त्या काळाचा नायक ऑपेरा मिनी. नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने तो २००५ साली प्रथम आपल्या देशात आणि २००६ च्या जानेवारीत जगभर उपलब्ध केला. त्याची युक्ती अशी होती, की पान फोनने आणावयाचेच नाही. फोनने फक्त पत्ता कळवावयाचा, कंपनीच्या सर्व्हरने ते पान आणावयाचे, चित्रे बारीक करावयाची, सारा पसारा आपल्या खास संक्षिप्त रूपात घडी घालून बांधावयाचा, आणि मूळच्या आकाराच्या दहाव्या हिश्शापर्यंत उतरलेले ते गाठोडे फोनकडे रवाना करावयाचे. जावा चालवू शकणाऱ्या साध्या हँडसेटवर पूर्ण पान उघडू लागले ते या व्यवस्थेने.

आणि मराठी वाचकावर तर तिचे विशेष ऋण आहे. त्या फोनांत देवनागरीची अक्षरेच नसत. मराठी पान उघडले की चौकोनांच्या ओळी दिसत. तेव्हा जाणत्यांनी एकमेकांना सांगितलेला उपाय असा होता, की पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा’ आणि ‘कॉन्फिग’ हे दोन शब्द मध्ये अपूर्णविराम घालून रोमन लिपीत लिहावेत, आणि जे गुप्त पान उघडेल त्यात जटिल लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय चालू करावा. मग सर्व्हरच अक्षरांची चित्रे काढून पाठवी आणि काना, मात्रा, जोडाक्षरे जागच्या जागी दिसत. यात डेटा अधिक खर्च होई, चित्र असल्यामुळे मजकुराची नक्कल करता येत नसे, पण मराठी दिसे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांवरही देवनागरी धड उमटत नसल्यामुळे हा उपाय बरीच वर्षे उपयोगी पडत राहिला. त्या वेळी बहुतेकांच्या ध्यानात न आलेली गोष्ट एवढीच, की पान सर्व्हरवर उघडले जाई म्हणजे तेथेच त्याचे कुलूपही उघडले जाई. बँकेचा व्यवहार असला, तरी फोनपासून बँकेपर्यंत अखंड गुप्तता राहत नसे. कंपनीने हे कधी लपवले नाही, पण विचारण्याची बुद्धीही फारशी कुणाला झाली नाही.

त्याच मार्गाने आलेला चिनी यूसी ब्राउझर काही वर्षे भारतात क्रोमलाही मागे टाकून बसला होता. २०१४ साली तो अलिबाबाच्या मालकीचा झाला; २०१५ साली टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने असे दाखवून दिले, की वापरणाऱ्याने शोधलेले शब्द आणि त्याच्या फोनची ओळख पटवणारे तपशील तो पुरेशा कुलपाशिवाय बाहेर पाठवतो; आणि २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत त्याचा अंत झाला. परंतु त्याचे आणि ऑपेरा मिनीचे मूळ प्रयोजन त्यापूर्वीच, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाला तेव्हाच, क्षीण झाले होते. क्रोमनेही आपली डेटा वाचवण्याची सोय २०२२ साली गुंडाळून ठेवली.

आता जमाखर्चाकडे. ब्राउझर फुकट मिळतो. मग तो बनवणाऱ्या हजारो अभियंत्यांचे वेतन येते कोठून? अमेरिकेतील न्यायालयापुढे आलेल्या कागदपत्रांतून उघड झाले, की सफारीच्या पट्टीत शोधावयाचे ते गूगलवर, एवढ्या एका नेमणुकीसाठी गूगलने ॲपलला केवळ २०२२ सालात दोन हजार कोटी डॉलर दिले. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भागही अशाच कराराने गूगलकडून येतो. म्हणजे क्रोमशी झुंजणारा फायरफॉक्स क्रोमच्या धन्याच्या पैशावर जगतो, ही परिस्थिती कितीही विपरीत वाटली तरी खरी आहे. शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली, असा निर्णय न्यायाधीश अमित मेहता यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्येच, फोनवर क्रोमसह आपली ॲपे आधीपासून बसवून घेण्याच्या गूगलच्या वहिवाटीबद्दल, १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

ज्याचे पोट जाहिरातीवर, त्याच्या ब्राउझरची नीती काय राहते, हे कुकींच्या प्रकरणात स्वच्छ दिसले. आपण एखाद्या दुकानाच्या पानावर पंखा पाहिला की पुढे आठवडाभर बातम्यांच्या पानांवर पंखेच दिसत राहतात, त्याचे एक मुख्य साधन म्हणजे त्या पानाशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच कंपनीने आपल्या फोनवर ठेवून दिलेली खूण. सफारीने अशा परक्या कुकी २०२० च्या मार्चमध्ये सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांना २०१९ पासूनच आपण होऊन अडवले. क्रोमने २०२० च्या जानेवारीत, दोन वर्षांत हे संपवतो, असे वचन दिले. मग मुदत वाढवली, मग पुन्हा वाढवली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये तो बेतच सोडून दिला. यावर भाष्य करण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

क्रोमच्या ‘इनकॉग्निटो’ खिडकीविषयीचा गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. ती खिडकी बंद केल्यावर फोनवरची नोंद पुसली जाते, म्हणजे फोन हाती घेणाऱ्या घरच्या माणसापासून संरक्षण मिळते. संकेतस्थळ आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून नव्हे. याच मुद्द्यावर २०२० साली अमेरिकेत दाखल झालेल्या दाव्यात गूगलने २०२४ साली तडजोड करून अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. खरोखरच माग लागू द्यावयाचा नसेल, तर २०१९ पासून अँड्रॉइडवर मिळणारा टॉर ब्राउझर आहे. पण तो इतका संथ चालतो, की पत्रकारांनी आणि पाळतीखाली जगणाऱ्यांनीच तो सोसावा. ब्रेव्हचा मार्ग मधला: जावास्क्रिप्टचे जनक ब्रेंडन आइक यांनी काढलेला हा ब्राउझर इतरांच्या जाहिराती आपण होऊन अडवतो, आणि मग कबूल असल्यास स्वतःच्या दाखवतो, ही दुसरी पायरी मला रुचत नाही, पहिली मात्र उत्तम साधली आहे. अँड्रॉइडवर माझी निवड फायरफॉक्सची, कारण यूब्लॉक ओरिजिनसारखे जाहिरात अडवणारे विस्तारक त्याला जोडता येते, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून अशा विस्तारकांचे त्याचे भांडार सर्वांना खुले झाले आहे. फोनवरील क्रोमला ती मुभा नाही.

अक्षरांच्या बाबतीत आज चौकोन दिसत नाहीत, म्हणून सर्व कुशल आहे असे नव्हे. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीहून निराळी असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे अशी खूण पान रचणाऱ्याने संहितेत केली व फाँटात ती वळणे असली, तरच ब्राउझर ती निवडू शकतो. पुष्कळ मराठी संकेतस्थळे ही खूण करीत नाहीत, आणि मग वाचक ब्राउझरला दोष देत बसतो. वयस्क वाचकांना उपयुक्त अशी एक सोय मात्र ब्राउझरागणिक बदलते. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि पान डावी-उजवीकडे सरकवीत वाचावे लागते. अँड्रॉइडवरील ऑपेरात मजकूर पडद्याच्या रुंदीत पुन्हा मांडून घेण्याचा पर्याय आहे. सफारी आणि फायरफॉक्स यांचे वाचनदृश्य जाहिराती, चौकटी, हलती चित्रे सारे बाजूला सारून नुसता लेख मोठ्या अक्षरांत देते. ज्यांच्या आईवडिलांना फोनवर वृत्तपत्र वाचावयाचे आहे, त्यांनी इतर सारी तुलना सोडून एवढे दाखवून दिले तरी पुष्कळ झाले.

स्वदेशी ब्राउझरचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याने २०२३ साली त्यासाठी स्पर्धा जाहीर केली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस तामिळनाडूत मुख्य ठाणे असलेल्या झोहो कंपनीला मिळाले. झोहोचा उला हा ब्राउझर वापरण्यास नेटका आहे. परंतु त्याचेही इंजिन ब्लिंकच. नवे इंजिन लिहिणे हे आज एकट्यादुकट्या कंपनीच्या आवाक्यातले काम राहिलेले नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य संस्थेनेही आपले इंजिन मोडीत काढून २०२० साली एज ब्लिंकवर आणला.

इतकी चौकशी करून ब्राउझर निवडला, तरी दिवसभरातील पुष्कळसे वाचन त्याच्या हाती लागतच नाही. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरील दुव्याला स्पर्श केला, की ते पान त्या ॲपच्या पोटातीलच एका खिडकीत उघडते, जिला आपले विस्तारक, आपले जतन केलेले संकेतशब्द, आपले कुकींचे नियम यांपैकी काहीच ठाऊक नसते. आणि फेलिक्स क्राउझ या संशोधकाने २०२२ साली दाखवल्याप्रमाणे, आयफोनवर ही दोन्ही ॲपे अशा उघडलेल्या परक्या पानांत आपली स्वतःची संहिताही घुसवीत होती. अशा खिडकीच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. तेथे बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय मिळतो. बँकेचा, वीजबिलाचा किंवा खरेदीचा दुवा असेल, तर संकेतशब्द लिहिण्यापूर्वी तो वापरावा.