प्रतीक्षायादी आणि भरवशाची पारख

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते एका लहानशा पांढऱ्या मोटारीची किल्ली तिच्या मालकाला देण्यात आली. हरियाणातील गुडगाव येथील कारखान्यातून ग्राहकाच्या हाती गेलेली ती पहिली मारुती ८००. त्या वर्षी या मोटारीसाठी प्रत्येकी दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. मोटारीची किंमत सुमारे पन्नास हजार रुपये. म्हणजे किमतीचा पाचवा हिस्सा ग्राहकांनी आधीच मोजला होता आणि मोटार कधी मिळणार, हे सोडतीतील क्रमांकावर अवलंबून होते.

या लाखभर लोकांना त्या मोटारीविषयी नेमके काय ठाऊक होते? जपानी तंत्रज्ञान आहे, आकार लहान आहे, पेट्रोल कमी लागेल, एवढेच. भारतीय रस्त्यांवर, भारतीय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाच वर्षे चाललेली मारुती कोणी पाहिली नव्हती, कारण तशी ती अस्तित्वातच नव्हती. पुढे ही मोटार भरवशाची ठरली, तीस वर्षे तिचे उत्पादन चालले, हा भाग वेगळा. परंतु नोंदणीसाठी लागलेली रांग हा तिच्या भरवशाचा पुरावा नव्हता. रांग लागते ती मागणी जास्त आणि पुरवठा कमी असल्यामुळे. हे वाक्य वाचताना सोपे वाटते. पण स्वतः रांगेत उभे राहिल्यावर त्याचा विसर पडतो.

आपल्या देशात ही रांग फार जुनी आहे. १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार मोठा कारखाना काढायचा तर सरकारी परवाना लागे आणि वर्षाला किती वाहने बनवायची, हेही परवान्यात ठरवून दिलेले असे. मागणी वाढली म्हणून कारखानदाराला आपल्या मर्जीने उत्पादन वाढवता येत नसे. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील स्कूटर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. बजाजला १९५९ मध्ये स्कूटर बनवण्याचा परवाना मिळाला, १९७२ मध्ये 'चेतक' आली. आणि त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावलेल्या माणसाला दहा-दहा वर्षे थांबावे लागल्याची उदाहरणे आहेत. मुलगी शाळेत असतानाच तिच्या लग्नासाठी स्कूटरचा नंबर लावून ठेवणारे वडील त्या पिढीने पाहिले आहेत. हुंड्याच्या यादीत स्कूटर असे, ही गोष्ट अभिमानाची नव्हे. पण त्या यादीमुळे रांग आणखी लांबत होती, हे खरे.

या टंचाईची आणखी एक खूण होती. नवी स्कूटर मिळताच ती दुसऱ्याला विकली, तर मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे मिळत. या वरच्या रकमेला मुंबईच्या बाजारात 'ऑन' म्हणत. वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा महाग विकली जाते, तेव्हा ग्राहक वस्तूच्या गुणाची नव्हे, तर वाचलेल्या वेळाची किंमत मोजत असतो. १९८०च्या दशकाच्या मध्यावर एलएमएल, कायनेटिक होंडा अशा स्कूटर आल्या, १९९१च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द केले, १९९३ मध्ये मोटारीही परवान्यातून मुक्त झाल्या आणि रांगा आटल्या. ज्या 'चेतक'साठी लोक दशकभर थांबत, ती पुढे शोरूममध्ये ग्राहकाची वाट पाहत उभी राहू लागली. स्कूटर तीच होती. बदलला होता तो केवळ पुरवठा.

आता रांग संपली, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० नंतर ती नव्या कारणाने परत आली. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, पडदा, किल्ली अशा असंख्य ठिकाणी इलेक्ट्रॉनिक चिप असतात. करोनाच्या साथीत चिपचा पुरवठा विस्कळीत झाला; त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमधील एका मोठ्या चिप-कारखान्याला आग लागली. जगभरचे मोटार-कारखाने अडले. काही कंपन्यांनी तर दुसरी रिमोट किल्ली मागाहून देण्याच्या बोलीवर मोटारी दिल्या. याच काळात, ३० जुलै २०२२ रोजी, महिंद्रा कंपनीच्या 'स्कॉर्पिओ-एन' या नव्या मोटारीची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या अर्ध्या तासात एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. पहिल्या २५ हजार ग्राहकांना प्रारंभीची सवलतीची किंमत लागू होणार होती, त्यामुळे घाई होणे स्वाभाविक होते. या गर्दीतून लोकांची उत्सुकता दिसते, कंपनीच्या नावावरचा विश्वास दिसतो. मोटारीच्या टिकाऊपणाविषयी मात्र तिच्यातून काहीच कळू शकत नव्हते, कारण रस्त्यावर एक वर्ष चाललेली त्या मॉडेलची एकही मोटार तेव्हा कोणाच्या दारात नव्हती. नव्या मॉडेलसाठी रांग सर्वांत लांब असते, तेव्हाच त्याच्या भरवशाचा पुरावा सर्वांत कमी असतो.

मग हा पुरावा मिळवायचा कोठून? येथे प्रथम 'भरवसा' या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. अँबेसिडर मोटार आणि मुंबईची 'पद्मिनी' टॅक्सी या भरवशाच्या गाड्या होत्या, असे जुने लोक सांगतात. वस्तुतः त्या वारंवार बिघडत. चढावर इंजिन तापे, पाणी घालावे लागे, ब्रेकची कुरकुर चालू असे. परंतु त्या कोणत्याही गावात, कोणत्याही मेकॅनिककडे, मोजक्या अवजारांनी दुरुस्त होत आणि सुटे भाग कोठेही मिळत. बजाजची स्कूटर सुरू होईना, तर मालक ती एका बाजूला कलती करून पुन्हा किक मारी. हा सारा दुरुस्तीचा सोपेपणा होता. न बिघडणे हा एक गुण आणि बिघडल्यावर लगेच दुरुस्त होणे हा दुसरा गुण. आजच्या अनेक मोटारी क्वचितच बिघडतात. पण बिघडल्या तर संगणक जोडल्याशिवाय दोष सापडत नाही आणि सुट्या भागासाठी आठवडाभर गाडी उभी राहते. शहरात राहणाऱ्या नोकरदाराला पहिला गुण पुरेसा वाटेल. ज्याची गाडी हेच पोटाचे साधन आहे, त्या टॅक्सीचालकाला दुसरा गुण तितकाच महत्त्वाचा आहे, कारण उभ्या गाडीचाही हप्ता थांबत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सुरक्षितता, आणि सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' ही चाचणी-योजना सुरू झाली. तिच्यात मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, बाजूनेही धडक देतात आणि आतील पुतळ्यांना किती इजा झाली असती, हे मोजून शून्य ते पाच तारे देतात. ही माहिती अतिशय मोलाची आहे. २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान मोटारींची अशी चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षिततेत त्या पाचही मोटारींना एकही तारा मिळाला नव्हता. परंतु पाच तारे मिळालेली मोटार पाच वर्षे विनातक्रार चालेल, असा त्याचा अर्थ नाही. अपघातात जीव वाचवणाऱ्या मोटारीचा गिअरबॉक्स दुसऱ्याच वर्षी बिघडू शकतो. विक्रेता ताऱ्यांकडे बोट दाखवून 'एकदम भरवशाची गाडी' म्हणतो, तेव्हा तो दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ करत असतो.

खुद्द भरवशाची मोजणी करणाऱ्या संस्था परदेशांत पुष्कळ वर्षांपासून आहेत. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही १९३६ पासून ग्राहकांसाठी काम करणारी संस्था जाहिराती स्वीकारत नाही. ती आपल्या सभासदांना दरवर्षी विचारते, की गेल्या बारा महिन्यांत तुमच्या मोटारीत कोणते बिघाड झाले? इंजिन, गिअर, ब्रेक, विद्युत्-व्यवस्था असे विभाग पाडून तीन लाखांहून अधिक मोटारींची माहिती ती एकत्र करते आणि किरकोळ दोषापेक्षा गंभीर दोषाला जास्त वजन देते. 'जे. डी. पॉवर' ही दुसरी संस्था दर शंभर मोटारींमागे किती तक्रारी आल्या, ते मोजते. एक पाहणी पहिल्या नव्वद दिवसांची, तर दुसरी तीन वर्षे वापरलेल्या मोटारींची असते.

असे आकडे वाचताना थोडे गणित करावे लागते. समजा, एका कंपनीच्या शंभर मोटारींमागे १७० तक्रारी आहेत आणि दुसरीच्या १९०. यादीत पहिली बरीच वर आणि दुसरी बरीच खाली दिसेल. पण एका मोटारीमागे फरक किती? १.७ आणि १.९. म्हणजे पाच मोटारींमागे एक तक्रार जास्त. शिवाय ती तक्रार इंजिन बंद पडल्याची आहे, की फोन पडद्याशी जुळत नसल्याची, हेही पाहावे लागते. अलीकडच्या पाहण्यांत या दुसऱ्या प्रकारच्या तक्रारींचाच भरणा मोठा आहे. मोटार कितव्या वर्षी तपासली, हा प्रश्नही महत्त्वाचा. नव्वद दिवसांत जुळणीतील चुका कळतात, झीज कळत नाही. अगदी नव्या मॉडेलसाठी तर 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ही त्या कंपनीच्या आधीच्या मोटारींवरून केवळ अंदाज वर्तवते, आणि तो अंदाज आहे असे सांगते. अमेरिकेतील मानांकन भारतातील मोटारीला लावणे तर सर्वथा चुकीचे. नाव एकच असले तरी कारखाना, इंजिन, सुटे भाग, इंधन आणि रस्ते निराळे असतात.

आपल्याकडे अशा दीर्घकालीन पाहण्या सामान्य ग्राहकाच्या हाती सहज येत नाहीत. म्हणून त्याने टॅक्सीतळावर जावे. लाखभर किलोमीटर चाललेली तीच गाडी चालवणारा माणूस क्लच किती किलोमीटरला बदलावा लागतो, हे आकड्यांत सांगतो. गॅरेजमधील मेकॅनिकचे मत थोडे जपून घ्यावे; डॉक्टरला भेटणारी माणसे बहुधा आजारीच असतात. ज्या गाड्या रस्त्यावर जास्त, त्यांच्या तक्रारीही जास्त कानी येतात. एका मॉडेलच्या दहा हजार गाड्यांपैकी शंभर बिघडल्या आणि दुसऱ्याच्या पाचशेपैकी पन्नास, तर गवगवा पहिल्या मॉडेलचा होईल. पण बिघाडाचे प्रमाण पहिल्यात शंभराला एक आणि दुसऱ्यात शंभराला दहा आहे. आणि जो मालक वर्षभर थांबून गाडी घरी आणतो, तो पहिल्या सहा महिन्यांत तिचा दोष सहसा कबूल करत नाही. त्याच्याशी दोन वर्षांनी बोलावे.

प्रतीक्षेच्या काळात ग्राहकाने करण्यासारखे बरेच असते. नोंदणीच्या पावतीवर मॉडेल, उपप्रकार, रंग, भरलेली रक्कम आणि नोंदणी रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे लिहून घ्यावे. 'दोन महिन्यांत देतो' हे तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करता येत नाही. कारखाना उपप्रकार आणि रंग यांनुसार गाड्या पाठवतो, त्यामुळे एकाच दिवशी नाव नोंदवलेल्या दोघांपैकी एकाला महिन्यात आणि दुसऱ्याला सहा महिन्यांत गाडी मिळू शकते. रंग बदलण्याची तयारी असेल, तर तसे आधी सांगावे. बहुतेक नोंदणी-अर्जांत गाडी देण्याच्या दिवशीची किंमत लागू होईल, अशी अट असते. ही अट नेहमी ग्राहकाच्या तोट्याचीच असते असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा रांगेत असलेल्यांचा लाभ झाला आणि महिनाभर आधी गाडी नेलेले हळहळले.

अखेर शोरूममधून निरोप येतो. घरात उत्साह असतो, हारफुले येतात, आणि नेमक्या त्या गडबडीत गाडी तपासायची राहून जाते. म्हणून रंगाचे ओरखडे, मीटरवरील किलोमीटर, टायर, सुटे चाक आणि अवजारे पैसे पूर्ण भरण्याआधी, दिवसाउजेडी पाहावीत. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते. तक्रार उद्भवली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. विक्रीचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२. या दोन्हींवरील चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्यावा. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना आणि वर्षही असते. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत हाती आली, तर ती पुढे विकताना बाजार तिला वर्षभर जुनी धरतो. तेवढी सूट ग्राहकाने त्याच टेबलावर, सही करण्यापूर्वी मागावी.