उन्हाळ्यात कारखान्यातील अपघात टाळा

एप्रिल-मेमध्ये मालेगावचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. भिवंडीत तो इतका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही. याच दिवसांत यंत्रमाग कामगार पत्र्याच्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी करतात. कोरड्या वाऱ्याने सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद असतात. मजुरी मीटरवर मिळत असल्याने पाणी पिण्यासाठीही माग सोडणे परवडत नाही. अपघाताचे मूळ येथेच आहे.

घामावाटे पाणी व मीठ गेले की प्रथम पायांत गोळे येतात, डोके दुखते, चक्कर येते. चक्कर आलेल्या माणसाचा हात चालत्या पट्ट्यात सापडायला क्षणही पुरतो. त्याही पुढची पायरी उष्माघाताची. अंग ४० अंशांच्या वर तापते, माणूस असंबद्ध बोलतो किंवा बेशुद्ध पडतो. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

रुग्णाला ताबडतोब सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. बर्फ असल्यास मान, काख व जांघेत ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

कारखानदारांनी काय करावे? पत्र्यावर पांढरा चुना मारावा, गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. प्रत्येक रांगेजवळ पाण्याचा माठ ठेवावा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी हाताशी ठेवावे. दुपारी १२ ते ४ या वेळात विश्रांतीच्या सुट्ट्या वाढवाव्यात व त्या वेळेची मजुरी कापू नये. गावाहून नुकत्याच आलेल्या कामगाराला पहिला आठवडा कमी तास द्यावेत, कारण उष्णतेची सवय शरीराला हळूहळूच लागते.

कामगार बंधूंनीही तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. चक्कर येताच माग बंद करून बाहेर यावे. चार मीटर कापड उद्या विणता येईल, तुटलेला हात मात्र परत येत नाही.