बर्बन बर्बनमधला फरक कसा ओळखावा?



मळीपासून मद्यार्क कसा निघतो हे आपणास नव्याने सांगायला नको. मळीत पाणी घालायचे, यीस्ट सोडायचे, आंबवण तयार झाले की ऊर्ध्वपातन करायचे. अमेरिकेतला शेतकरी याच रीतीने मक्याची दारू काढीत आला. मक्याची पोती डोंगर ओलांडून बाजारात न्यायची तर वाहतुकीतच पैसा संपायचा. त्याच मक्याची व्हिस्की केली की माल थोडा आणि भाव जास्त. ऊस गाडीत भरून लांबच्या बाजारात विकता येत नाही, म्हणून गुऱ्हाळे आणि पुढे कारखाने शेताजवळ आले, तसाच हा प्रकार. त्यातूनच आजची 'बर्बन' तयार झाली. हल्ली ती आपल्याकडील मोठ्या शहरांतही मिळते. पण एका बाटलीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट का, हे पुष्कळांना कळत नाही.

नावामागचा कायदा

१९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने बर्बन हा त्या देशाचा खास माल असल्याचा ठराव केला. बहुतेक बर्बन केंटकी राज्यात होते, पण ती तिथेच झाली पाहिजे असे मात्र नाही. अटी आहेत त्या अशा : धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनात मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पिंप ओकच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळलेले असावे व त्यात भरताना प्रमाण ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. बाटलीत ते किमान ४० टक्के असावे. वरून रंग किंवा सुवास घालायला बंदी.

यातली ८० टक्क्यांची अट महत्त्वाची. आपल्याकडे तटस्थ मद्यार्क सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध करतात. इतक्या शुद्धीत मूळ मालाची चव जवळजवळ उरतच नाही, मग तो मका असो की मळी. बर्बनमध्ये ती चव मुद्दाम राखलेली असते.

चव कोठून येते?

पहिली गोष्ट धान्य. मक्याने गोडवा येतो. मोड आणून वाळवलेले जव पिष्टाची साखर करायला लागतात. तिसरे धान्य बहुधा राय असते. राय म्हणजे मोहरी नव्हे बरं का. गव्हासारखेच हे थंड हवेतले धान्य. रायने मिरीसारखा तिखटपणा येतो. 'फोर रोझेस'कडे दोन मिश्रणे आहेत, एकात २० टक्के राय तर दुसऱ्यात ३५ टक्के. त्यात पाच प्रकारची यीस्ट वापरून ते दहा वेगवेगळ्या बर्बन काढतात. 'मेकर्स मार्क'मध्ये रायऐवजी गहू असतो, म्हणून ती जिभेला मऊ लागते.

दुसरी गोष्ट आंबवण. मागच्या खेपेचा ऊर्ध्वपातनानंतर उरलेला आंबट द्रव पुढच्या खेपेत थोडा घालतात. त्यामुळे नको ते जंतू वाढत नाहीत आणि प्रत्येक खेप सारखी उतरते. घरच्या विरजणासारखेच म्हणा ना.

तिसरी आणि सर्वात मोठी गोष्ट पिंप. पिंपात भरताना बर्बन पाण्यासारखी बिनरंगी असते. उन्हाळ्यात ती फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते. लाकडातून रंग, व्हॅनिलाचा वास आणि करपवलेल्या साखरेची चव येते. वखारीच्या वरच्या मजल्यावर उष्णता जास्त, म्हणून तिथले पिंप लवकर मुरते. खालच्या मजल्यावरचे सावकाश. दरवर्षी काही माल उडून जातो, त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. जुनी बर्बन महाग असते त्याचे हे एक कारण. मात्र जुनी म्हणजे चांगलीच असे नाही. फार वर्षे ठेवली तर लाकडाचा कडवटपणाच वर येतो.

तुलना कशी करावी?

को-८६०३२ आणि को-एम-०२६५ या जातींची तुलना करायची तर आपण जमीन सारखी घेतो, लागणीचा आणि तोडणीचा महिना सारखा धरतो. एक मुरमाड रानातला आणि एक काळ्या रानातला घेतला तर फरक जातीचा की जमिनीचा हे कळणार कसे? बर्बनचेही तसेच. एका वेळी एकच गोष्ट वेगळी असावी. राय आणि गहू यांतला फरक पाहायचा तर दोन्ही बाटल्यांचे वय आणि प्रमाण जवळपास सारखे असावे. प्रमाण 'प्रूफ'मध्ये लिहिलेले असते. अमेरिकेतले प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट असते. 'वाइल्ड टर्की १०१' म्हणजे ५०.५ टक्के.

सारख्या पेल्यांत थोडी थोडी घ्यावी, एवढीशी की दोन घोटांत संपेल. तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा, नाक पेल्यात खुपसू नये. पहिला घोट जिभेवर फिरवावा, मग चार थेंब पाणी घालून पुन्हा पाहावे. कडकपणा उतरला की दडलेला वास वर येतो. गिळल्यावर चव किती वेळ टिकते हेही पाहावे. कोणत्या पेल्यात काय आहे हे दुसऱ्याला ठरवू द्यावे, म्हणजे किमतीचा मनावर परिणाम होत नाही.

लेबल वाचावे

एकोणिसाव्या शतकात तिकडे तटस्थ मद्यार्कात रंग आणि सुवास मिसळून तो जुनी व्हिस्की म्हणून खपवीत. प्रामाणिक कारखानदारांचा भाव पडू लागला. कर्नल एडमंड टेलर वगैरे मंडळींनी पाठपुरावा केला आणि १८९७ साली 'बॉटल्ड इन बाँड' कायदा झाला. हे शब्द बाटलीवर असले तर माल एकाच कारखान्याचा, एकाच हंगामातला, सरकारी देखरेखीच्या वखारीत किमान चार वर्षे ठेवलेला आणि बरोबर ५० टक्क्यांचा असतो. 'स्ट्रेट' लिहिले असेल तर किमान दोन वर्षे. चारपेक्षा कमी असल्यास वय छापावेच लागते. छापलेले वय बाटलीतल्या सर्वात कोवळ्या मालाचे असते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये माल पुरेना म्हणून 'मेकर्स मार्क'ने प्रमाण ४५ वरून ४२ टक्के करण्याचे जाहीर केले. गिऱ्हाइकांनी इतका गिल्ला केला की कंपनीला आठवडाभरातच तो बेत सोडावा लागला.

सभासदांनी यातून एक गोष्ट घ्यावी. मळीच्या मद्यार्काची खरी जात रमची आहे. आपल्याकडे त्यात रंग-वास घालून व्हिस्की म्हटलेले चालते, युरोपात मात्र धान्याची नसेल तर व्हिस्की म्हणता येत नाही. उसनवारीच्या नावावर माल खपतो, पण त्या नावाचा भाव आपल्याला मिळत नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. त्यात कोणी साखर मिसळली तर नुकसान शेवटी चांगला गूळ करणाऱ्याचेच. केंटकीवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच हे ओळखले आणि नावाला कायद्याचे कुंपण घातले.

शेवटी एक सूचना. आपल्या राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवे. पिऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणे म्हणजे स्वतःच्या घरावर संकट आणणे. जो घेत नाही त्याने या लेखापायी सुरू करू नये. आणि जो घेतो त्याने थोडी घ्यावी, लेबल वाचून घ्यावी.