कर्ज फेडल्याने जुगार सुटत नाही

घरातला माणूस जुगारात बुडाला आहे हे कुटुंबाला बहुधा तेव्हाच कळते, जेव्हा पैसे मागणारा दारात येऊन उभा राहतो. पुढचा क्रमही ठरलेला असतो. भांडण होते, रडारड होते, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली जाते. मग मंगळसूत्र गहाण पडते, बायको आपल्या नावावर बचत गटाचे कर्ज उचलते, किंवा भाऊ उसाच्या बिलातून देणे भागवतो. ‘आता मिटले’ म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. काही महिन्यांत पैसे मागणारा पुन्हा दारात.

आपल्या भांडगाव, यवत, केडगाव पट्ट्यात पूर्वी मटक्याची चिठ्ठी आणि पत्त्यांचा डाव असे. आता कंपनीतून दुसरी पाळी करून आलेला मुलगा अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर खेळतो आणि शेजारी झोपलेल्या बायकोलाही पत्ता लागत नाही. दारूचा वास येतो, पाय लटपटतात. जुगाराचे तसे काही दिसत नाही, म्हणून तो फार उशिरा कळतो.

हा आजार आहे का?

खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण नुकसान होत असूनही ज्याला थांबता येत नाही, त्याला आजार आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये जुगाराला दारू व इतर व्यसनांच्या गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही त्याची वेगळी नोंद आहे.

दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीतरी, अवचित मिळणाऱ्या बक्षिसाची ओढ मेंदूला जास्त लागते. शिवाय 7 लावला आणि 8 निघाला, तर ‘थोडक्यात हुकले’ असे वाटते. प्रत्यक्षात ती पूर्ण हारच असते, पण मन तिला जवळजवळ जिंकणे समजते. आणि सर्वात घातक विचार म्हणजे ‘गेलेले तेवढे काढतो, मग सोडतो.’

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये मुंबईत वरळीला मटका सुरू केला आणि तो गिरणगावातल्या कामगारांपर्यंत पोचला. एका आकड्याला रुपयाला 9 रुपये हा त्याचा नेहमीचा भाव. आकडे मात्र 0 ते 9 असे दहा. म्हणजे लावलेल्या प्रत्येक 100 रुपयांतून सरासरी 90 परत येतात, 10 चालवणाऱ्याकडे राहतात. उरलेले पुन्हा पुन्हा लावत गेलो, तर दहा फेऱ्यांनंतर सरासरी 35 रुपये उरतात, वीस फेऱ्यांनंतर 12. नशीब फिरले तरी भाव फिरत नाही. जास्त खेळून गेलेले निघत नाही, आणखी जाते.

आजार ओळखायचा कसा?

डॉक्टर पुढील नऊ गोष्टी पाहतात. वर्षभरात यातल्या चार किंवा अधिक दिसल्या, तर उपचाराची गरज आहे असे समजा.

1. तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवावी लागते.
2. खेळ कमी केला की चिडचिड, बेचैनी होते.
3. सोडण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात.
4. डोक्यात सतत जुगाराचाच विचार असतो.
5. दुःख, ताण, अपराधीपणा आला की खेळावेसे वाटते.
6. हरलेले काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळतो.
7. किती खेळतो, किती गेले याबद्दल खोटे बोलतो.
8. नाते, नोकरी किंवा शिक्षण धोक्यात येते.
9. पैशांच्या अडचणीतून सोडवायला इतरांवर अवलंबून राहतो.

नववे लक्षण पुन्हा वाचा. ‘एवढे कर्ज फेडा, पुन्हा नाही खेळणार’ ही विनवणी आजाराच्या लक्षणांतच मोडते. कर्ज फिटले की त्याच्यावरचा दबाव जातो, उधारीची वाट मोकळी होते आणि आजार तसाच राहतो.

‘जबाबदारीने खेळा’ असे जाहिरातीच्या शेवटी घाईघाईने म्हटले जाई. ज्याला वरची लक्षणे नाहीत, त्याने लॉटरीचे तिकीट घेताना रक्कम आधी ठरवावी, उधारीवर कधीच खेळू नये आणि हरलेले काढायला जाऊ नये. पण ज्याला आजार जडला आहे, त्याला ‘थोडेच खेळ’ हा सल्ला लागू पडत नाही. त्याच्यासाठी पूर्ण बंद हाच मार्ग सुरक्षित आहे.

घरच्यांनी काय करावे?

पहिले म्हणजे पैशांची वाट बंद करा. त्याच्या संमतीने पगाराचे खाते, एटीएम कार्ड आणि मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय काही काळ घरातल्या विश्वासू माणसाकडे द्या. बँकेत सांगून रोजची मर्यादा कमी करून घ्या. खर्चाला थोडी रोख रक्कम हातात द्या.

दुसरे, सगळ्या देण्यांची एकच यादी करा. आधी घरखर्च, मुलांची फी, औषधे बाजूला काढा. मग हप्ते पाडा आणि ते त्याच्याच कमाईतून फेडू द्या. बाईंनो, नवऱ्याच्या जुगारासाठी स्वतःच्या नावावर कर्ज उचलू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका. पैज लावून झालेले देणे कोर्टातून वसूल करता येत नाही, असे 1872 च्या करार कायद्याचे कलम 30 सांगते. बँकेचे आणि बचत गटाचे कर्ज मात्र फेडावेच लागते. विनापरवाना सावकार छळत असेल, तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करा.

तिसरे, शिव्याशाप आणि चारचौघांतला अपमान टाळा. लाजेने माणूस आणखी लपवतो.

उपचार कुठे मिळतील?

‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून मिळते. घरच्यांनाही फोन करता येतो. यवतचे ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय येथील डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. उपचारात मुख्य भाग समुपदेशनाचा असतो: खेळण्याची ओढ कधी येते हे ओळखणे, ती टाळणे आणि ‘आज लागेल’ हा विचार तपासायला शिकणे. सोबत उदासी किंवा दारू असेल, तर त्याचेही औषध लागते. मधेच एकदा खेळला म्हणून उपचार फसले असे मानू नका, पुन्हा जा.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांचे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद व 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’ देणारे एजंट मात्र अजून पोरांना गाठतात, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

एक गोष्ट तातडीची. कर्ज उघडे पडले की पुढचे काही दिवस सर्वात धोक्याचे असतात. ‘मी गेलो की सगळे सुटेल’ असे तो बोलला, तर त्याला एकटे सोडू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, मन मोकळे होते. घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि लगेच 14416 लावा किंवा दवाखान्यात न्या.

पंचशीलात जुगाराचे नाव नाही, म्हणून काही जण त्याला किरकोळ समजतात. पण सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. त्यांत धन जाते हे आहेच, आणि जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत उरत नाही हेही आहे. गेलेला शब्द सावकाराचे पैसे चुकवून परत येत नाही. तो उपचाराने आणि रोजच्या खऱ्या हिशेबाने हळूहळू परत येतो. म्हणून यापुढे कोणी कर्ज फेडण्यासाठी पैसे मागितले, तर आधी विचारा, ‘डॉक्टरकडे कधी जायचे? मी सोबत येते.’